पावती आधी, गळ नंतर

पाऊस ओसरला आणि तळी भरली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "रविवारी गळ टाकायला जायचं आहे. जवळपास कुठलं तळं बरं?" विचारणाऱ्यांत कुणी नगरपालिकेच्या सफाई खात्यातला असतो, कुणी रिक्षा चालवतो, कुणी कारखान्यात तीन पाळ्यांत राबतो. आठवड्यातून एकच सुट्टी. घरात दहा बाय बाराची खोली, बाहेर धूर आणि गोंगाट. अशा माणसाला पाण्याच्या काठावर दिवसभर शांत बसावेसे वाटले तर त्यात नवल नाही. कोकणात याला गरवणे म्हणतात, देशावर गळ टाकणे. नाव काहीही असो, हौस जुनी आहे आणि गरिबाला परवडणारी आहे.

आता मुंबई-पुण्याच्या आसपास फी घेऊन एक दिवस गळ टाकू देणारी तळी झाली आहेत. इंग्लंडमध्ये ही पद्धत जुनी. तिथे त्याला 'डे तिकीट' म्हणतात. तिथले लोक कार्प जातीचा मासा पकडतात, तोलतात आणि बहुतेक तळ्यांवर परत पाण्यात सोडतात. बंगालमध्येही पुष्कळ तळ्यांवर तिकीट काढून माणसे रोहू-कटल्यासाठी बसतात. कार्प म्हणजे दुसरेतिसरे कुणी नव्हे. आपल्या बाजारातले कटला, रोहू, मृगळ हे सारे कार्पच. सायप्रिनस, गवत्या आणि चंदेरा ही त्यांचीच बाहेरून आलेली भावंडे.

तळे निवडताना बहुतेक जण एकच विचारतात, "मासा मोठा आहे का?" आमचे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधी चार प्रश्न विचारायचे. मासा कुणाचा? पाणी कसले? काठ कसा? आणि पावतीवर काय लिहिले आहे?

मासा कुणाचा?

"तळं सरकारचं, पाणी सरकारचं, मग मासा कुणाच्या बापाचा?" असे बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. कटला, रोहू, मृगळ हे मुळात नदीचे मासे. पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यात ते अंडी घालतात. साठलेल्या तळ्यात त्यांची वीण सहसा होत नाही. सायप्रिनस मात्र साठलेल्या पाण्यातही पाणवनस्पतींवर अंडी घालतो. म्हणजे तळ्यातला रोहू बहुतेक वेळा कुणीतरी आणून सोडलेला असतो.

पूर्वी हे बीज नदीतून गोळा करावे लागे. १९५७ साली १० जुलैला हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना साठलेल्या पाण्यात अंडी घालायला लावले. म्हणूनच १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्या शोधामुळे बीज केंद्रांत तयार होऊ लागले. आधी जिरे, मग वाढवून बोटाएवढी बोटुकली. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून ती तळ्यावर आणतात. त्याला पैसे पडतात.

हे पैसे कोण घालते? पाझर तलाव, गावतळी, पाटबंधाऱ्याचे जलाशय, विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, यांतले पुष्कळसे मच्छीमार सहकारी संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. सभासद म्हणजे भोई, ढिवर, कहार, कोळी. आपल्यासारखीच हातावर पोट असलेली माणसे.

आमच्या माहितीतल्या चार कामगारांना हे एका पाझर तलावावर कळले. सकाळी सातला त्यांनी काठ्या लावल्या. आठच्या सुमारास सायकलवरून एक म्हातारा आला. त्याने आरडाओरड केली नाही. सायकल झाडाला टेकवली, शेजारी बसला आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. बीजखरेदीची पावती होती. "बघा भाऊ," तो म्हणाला, "आमची बारा घरं आहेत. आषाढात उसने पैसे काढून बी सोडलं. रात्री पाळीनं राखण करतो. तुम्ही पगाराच्या दिवशी घरी निघालात आणि कुणी तुमच्या खिशात हात घातला, तर काय म्हणाल?"

चौघांपैकी एकाची कंपनी बंद पडून आठ महिन्यांचा पगार बुडालेला होता. त्यानेच पहिल्यांदा दोरी गुंडाळली. "चुकलं मामा," म्हणाला. म्हाताऱ्याने मग त्यांना संस्थेच्या सचिवाच्या घरी नेले. तिथे कळले की एका माणसाला एक काठी, दिवसाची पावती आणि तीन मासे, असा संस्थेचा नियमच आहे. कुणी विचारतच नव्हते, एवढेच. ते चौघे आता तिथेच जातात. म्हातारा त्यांना मासा कुठे चरतो ते दाखवतो.

सांगायचा मुद्दा असा की फुकटचे तळे असे सहसा नसतेच. ग्रामपंचायतीत किंवा संस्थेत विचारा, ठेका कुणाचा ते कळते. एका कष्टकऱ्याची सुट्टी दुसऱ्या कष्टकऱ्याच्या ताटातून काढायची नसते. शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या तलावांवर तर परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. मुंबईचे विहार आणि तुळशी हे तलाव अशांपैकीच. आणि सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणारे कुणी भेटले तर त्यांच्या सावलीलाही उभे राहू नका. १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

पाणी कसले?

काठावर गेल्यावर आधी नाक वापरा, मग डोळे. गटाराचा किंवा रसायनाचा वास आला, कडेला फेस साचलेला दिसला, तर परत फिरा. शहरातल्या तळ्याला एक फेरी मारून पाहा की नाला कुठून येतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातू माशाच्या अंगात साठतात. ते शिजवून जात नाहीत आणि चवीवरून कळत नाहीत. असा मासा लहान मुलांच्या आणि गरोदर बाईच्या ताटात जाता कामा नये.

मुंबईचा पवई तलाव याचे चांगले उदाहरण आहे. १८९० च्या सुमारास तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पण ते पाणी पिण्यालायक राहिले नाही. तिथे गळ टाकणाऱ्यांची जुनी संघटना आहे, परवानगीची पद्धत आहे. पण आसपासच्या वस्तीचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्या तलावाला ग्रासले आहे, आणि पाण्यात मगरीही आहेत. नाव मोठे म्हणून तळे चांगले, असे समजू नये.

हिरवट पाणी वाईटच असते असे नाही. पाण्यातले सूक्ष्म शेवाळ हे माशांचे अन्न आहे. पण वर रंग ओतल्यासारखा निळा-हिरवा जाड तवंग असेल आणि त्याला घाण वास येत असेल, तर ते पाणी विषारी असू शकते. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे असे समजा. तो मासा भुकेने वर आलेला नसतो, त्याचा जीव गुदमरत असतो. अशा दिवशी गळ टाकण्यात अर्थ नाही. ज्या तळ्यातल्या माशांच्या अंगावर लाल जखमा दिसतात तिथला मासाही घरी आणू नका. आणि तळेवाला "मागूर पण आहे, मोठा" असे सांगू लागला तर सावध व्हा. आफ्रिकन मागूर पाळायला आपल्याकडे बंदी आहे. जो ती मोडतो तो बाकीचे नियम पाळत असेल याची खात्री काय?

काठ कसा?

मासा न मिळता परतलो तर पुढचा रविवार आहे. माणूस परतला नाही तर काहीच नाही. म्हणून हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

दगडखाणीत साठलेले तळे कधीही निवडू नका. काठापासून एका पावलावर तीस फूट पाणी असू शकते आणि बाहेर यायला धरायला काही नसते. प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे त्याहून फसवे. वरून टाकीसारखे सोपे दिसते. पण ओल्या प्लास्टिकच्या उतारावर पोहणाऱ्या गड्याचेही पाय टिकत नाहीत. अशा तळ्यांत कितीतरी मुले गेली आहेत. फी घेऊन गळ टाकू देणारे तळे असे असेल तर पाहा की भोवती कुंपण आहे का, पाण्यात गाठी मारलेला दोर सोडला आहे का, हवा भरलेली ट्यूब हाताशी आहे का. नसेल तर लेकरांना घेऊन तिथे बसू नका. धरणाच्या खालच्या अंगाला, पाणी सोडतात त्या बाजूलाही बसायचे नाही.

चांगला काठ म्हणजे मंद उताराचा, मुरमाचा. गुडघाभर पाण्यात पाय चिखलात रुतत नाहीत असा. डोक्यावर सावली, पण विजेची तार नाही. हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या काळ्या कार्बनच्या काठ्यांतून वीज वाहते. तारेखाली अशी काठी उचलली तर काय होईल ते सांगायला नको. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून काठापासून दूर जा, झाडाखाली थांबू नका. कुणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी घेऊ नका. काठी, दोर, ओढणी, साडी, जे हाताला लागेल ते फेका. वाचवायला गेलेलाही बुडतो, ही बातमी दर उन्हाळ्यात आपण वाचतो.

आणखी एक. जिथे काठावर बाटल्या पडलेल्या दिसतात ते तळे सोडून द्या. दारू आणि खोल पाणी यांची संगत वाईट. शिवाय अशा ठिकाणी घरच्या बायामुलांना नेता येत नाही. रविवार हा घरच्या बाईचाही असतो. जिथे पिण्याचे पाणी, आडोशाची सोय आणि बसायला सावली आहे, असे तळे थोडे लांब असले तरी चालेल. तिलाही काठी द्या. धीर लागणाऱ्या कामात बायका आपल्याला मागे टाकतात, असा आमचा अनुभव आहे.

पावतीवर काय?

खाजगी तळ्यावर जाण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारून घ्या. फी माणसामागे आहे की काठीमागे? पकडलेला मासा आपला, की किलोप्रमाणे वेगळे पैसे? की परत सोडायचा? वेळ किती ते किती? आणि जाळे शेवटचे कधी ओढले? हा चौथा प्रश्न कुणी विचारत नाही. काही जण आदल्या दिवशी जाळे ओढून मासा बाजारात पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी हौशी माणसांकडून फी घेतात. दिवसभर बसूनही काठी हलत नाही. मासा परवाच दुसरीकडून आणून सोडला असेल तरी तो बुजलेला असतो, लगेच खात नाही. पैसे फोनवरून भरले तरी कागदाची पावती मागा आणि ती खिशात ठेवा.

आम्ही कारकून माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. समजा, एका काठीची फी ३०० रुपये, गाडीभाडे १२०, आमिषाचे ६०, चहा-नाश्ता १००. झाले ५८०. दोन किलो मासा मिळाला तर किलोला २९० रुपये पडला. एकच किलो मिळाला तर ५८०. त्यात तळेवाल्याने किलोमागे आणखी पैसे लावले तर विचारूच नका. रोहू बाजारात बहुतेक ठिकाणी याहून स्वस्त मिळतो. तेव्हा स्वस्त मासा हवा असेल तर सरळ बाजारात जा. तळ्यावर पैसे देतो ते दिवसाचे, काठाचे आणि शांततेचे. ते तिन्ही मिळत असतील तर फी योग्य. संस्थेच्या तळ्यावर ही फी बहुधा कमी पडते आणि ती बारा घरांत वाटली जाते.

मग मासा कोणता?

चारही उत्तरे पटली की माशाकडे वळू. नवख्याने मोठ्या जलाशयावर जाऊ नये. एवढ्या पाण्यात मासा कुठे आहे ते शोधण्यातच दिवस जातो. एक-दोन एकरांचे तळे बरे. कटल्याचे तोंड वर वळलेले, तो वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात. मृगळ आणि सायप्रिनस तळाचा चिखल उकरतात. पाण्यावर बारीक बुडबुड्यांची रेघ सरकताना दिसली तर खाली त्यांच्यापैकी कुणीतरी चरत आहे. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो. चंदेरा पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, गळाला क्वचितच लागतो. तेव्हा "आमच्या तळ्यात चंदेरा भरपूर आहे" असे कुणी सांगितले तर खूश होऊ नका.

आमिषाला महाग काही लागत नाही. भाजलेले बेसन, शेंगदाण्याची पेंड आणि कणीक यांचा घट्ट गोळा रोहू-मृगळाला चालतो. सायप्रिनसला उकडलेला मका किंवा गांडूळ. थंडीत मासा सुस्त असतो, ऊन चढल्यावर खातो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ बरी. पावसाळ्याच्या तोंडावर मासा अंड्यावर येतो. तेव्हा पोट फुगलेली मादी लागली तर सोडून द्यावी.

आता एक नाजूक प्रश्न. आमचे काही वाचक विचारतात, "पंचशील घेणाऱ्याने गळ टाकावा का?" प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीव घेण्याची इच्छा आणि जीव घेण्याची गरज यांत फरक केला आहे. त्या फरकावर प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचार करावा. कुणाला हे मुळीच पटणार नाही, तर त्याचा आदर राखावा. आम्ही एवढेच सांगू की जो मासा खायचा नाही तो पकडू नये. घरात चार माणसे असतील तर चार माणसांपुरता न्यावा. नेलेला मासा पिशवीत तडफडत ठेवू नये, लगेच डोक्यावर फटका देऊन संपवावा. लहान मासा सोडायचा तर हात ओले करून, गरम दगडावर न टेकवता, पाण्यात धरून हळूच सोडावा. जिथे मासा परत सोडण्याचाच नियम आहे तिथे काटा नसलेला गळ वापरावा. फोटोसाठी मासा दहा मिनिटे हवेत धरणारी माणसे पाहिली की आम्हांला वाईट वाटते.

घरी आणलेल्या माशाला मातकट वास येत असेल तर हळद-मीठ लावून चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवा. आंबटपणाने तो वास कमी होतो. या माशांत बारीक दुहेरी काटे असतात. मुलांना भरवताना शेपटीकडचा तुकडा टाळून पोटाकडचा द्या.

शेवटी एक सुचवतो. नवे तळे निवडाल तेव्हा पहिल्या रविवारी गळ घरीच ठेवा. मुलांचा हात धरून तळ्याला एक फेरी मारा. राखण करणाऱ्याशी बोला, त्याच्याबरोबर चहा घ्या. नाला कुठून येतो, खोली कुठे वाढते, दोर कुठे बांधला आहे, ते मुलांना दाखवा. तासभर नुसते पाण्याकडे बघत बसा. बुडबुडे कुठे उठतात ते तोवर कळलेले असेल. पुढच्या रविवारी पावती घ्या आणि मग गळ टाका.